मेलेल्या पाण्याच्या गावचं मीठ

खाडीवर ज्याने मीठ काढलं नाही त्याला पाण्याचे रंग कळत नाहीत, असं माझा आजा भिवा म्हणायचा. भरतीचं पाणी मिठाच्या आगरात घेतलं की ते मातकट असतं. एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेलं की हिरवट होतं. उन्हात आटत, दाट होत ते तांबूस दिसू लागतं, आणि एके सकाळी त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा धरतो. आजाचा सगळा जन्म या रंगांत गेला. त्याच्या टाचा मिठाने चिरलेल्या होत्या आणि त्या चिरांत पांढरी रेघ कायमची बसली होती. असा हा माजिवड्याचा माणूस फ्रान्स देश पाहून आला होता. ते खरं आहे, आणि त्याची किंमत माझ्या आईने दिली, तेही खरं आहे.

आगगाडी कल्याणवरून घाट चढून जाऊ लागल्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. आमचं आगर एका पारशी शेटचं होतं. मिठावर सरकारचे शिपाई बसले होते, जकात वाढली होती, आणि शेटच्या डोक्यात एकच घोळत होतं: फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकाठी मीठ पिकवतात, ते कसं पिकवतात ते बघायचं. पण शेटला बोटीवरचं जेवण सोसत नसे. त्याला भिवाच्या हातचं माशाचं कालवण लागे. शिवाय मिठाकडे बघणारे आणखी दोन डोळे बरोबर असलेले बरे, असा त्याचा हिशेब.

माझी आई मालन तेव्हा लग्नाची झाली होती. आंबिवलीच्या विठ्ठलच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. सुपारी फुटली होती. तिने त्या मुलाला एकदा टिटवाळ्याच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं, आणि तो तिला आवडला होता.

भिवा परमुलखात जाणार म्हटल्यावर गावकी बसली. राघो पाटील गावकीचा म्होरक्या. तो म्हणाला, “जा. दर्याशी आपलं वाकडं नाय. पन तकडं परक्याच्या हातचा शिजवलेला तोंडात घालू नको. आल्यावर देवीपुढं मीठ उचलून सांगायला लागंल.”

मीठ उचलणं म्हणजे आमच्याकडची शपथ. मूठभर मीठ हातात घेऊन बोललेलं खोटं निघालं तर त्याच्या आगरात मीठ धरत नाही, असं आम्ही मानतो. विठ्ठल आंबिवलीहून मुद्दाम आला होता. तो म्हणाला, “पाटलांनी सांगितला तसा झाला तर लगीन. नायतर माझ्या घरात परमुलखाचा विटाळ मना नको.”

“असा कसा व्हईल?” भिवा हसून म्हणाला. “मी काय अन्नाला मोताद हाय?”

नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला आणि तो निघाला. माझ्या आजीने, आवडाबाईने, तांदळाचं गाठोडं, सुके बोंबील, मसाला आणि एक तोप बांधून दिला. बोटीवर तो कोपऱ्यात चूल मांडायचा. शेटला कालवण द्यायचा आणि स्वतः भात-बोंबील खायचा. एडन गेलं, वाळूतून खोदलेला कालवा गेला, आणि मार्सेय नावाचं बंदर आलं. तिथून आगगाडी.

मिठागरांचं ते गाव सपाट पाणथळीत उभं होतं. भोवती दगडाचा तट, चौकोनी आणि सरळ, जणू कुणी दोरी लावून बांधलेला. आत अरुंद गल्ल्या, मधे देऊळ, आणि एका कोपऱ्याला जाड गोल बुरूज.

“ए भिवा, या गावाचा नाव काय म्हाईत?” शेट म्हणाला. “एग-मोर्त. म्हंजे मेलेला पाणी.”

“पानी मरतं होय शेट?”

“दर्या मागे गेला, गाव इथेच ऱ्हायला. कधी काळी राजाची गलबतं इथून सुटत होती.”

“मंग दर्या निंगून गेला म्हना. पानी कनाला मेलाय? मीठ तर देतंय.”

शेट हसला. “तू फक्त मीठच बघते.”

दोघे तटावर चढले. तटावरून गावाला पुरी प्रदक्षिणा घालता येते. एका अंगाला कौलांची छपरं, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर पाणी, आणि त्या पाण्यात तांबूस रंगाचे वाफे. भिवा थांबला. इतक्या लांब येऊन ओळखीचा रंग दिसला, असं तो सांगायचा. वाफ्यांच्या पलीकडे मिठाच्या राशी होत्या. आमच्या राशी माणसाच्या उंचीच्या. त्या घराच्या उंचीच्या होत्या.

मग बुरूज. आत अंधार, गारवा, आणि भिंती इतक्या जाड की बाहेरचा वारा ऐकू येत नव्हता. तिथे मागल्या काळी बायकांना कोंडून ठेवलं होतं, असं शेटने सांगितलं. राजाचा पंथ एक, त्यांचा दुसरा. कुणी म्हातारी होईपर्यंत तिथे राहिली.

“सोडला नाय?”

“एक शब्द बोलायचा होता. ‘मी माझा पंथ सोडला.’ बोलली की दरवाजा उघडा.”

“मंग बोलल्या का नाय?”

“ते मला काय विचारते? त्यांना विचार.”

दगडात कुणीतरी अक्षरं कोरली होती. भिवाला कुठलीच अक्षरं येत नव्हती. त्याने नुसता त्यांच्यावरून हात फिरवला. दगड घासून गुळगुळीत झाला होता, म्हणजे हात फिरवणारा तो पहिला नव्हता.

पुढचे काही दिवस शेटने घोड्याची गाडी केली आणि ते भोवतालच्या मुलखात हिंडले. वाळूत द्राक्षांचे मळे लावले होते. वाळूत काही उगवतं यावर भिवाचा विश्वास बसेना. त्याने खाली उतरून मूठभर वाळू हुंगून पाहिली. गाडीवान पोट धरून हसला. पाणथळीत पांढरी घोडी मोकळी चरत होती, काळे बैल गुडघाभर चिखलात उभे होते, आणि गुलाबी पंखांचे लांब पायांचे पक्षी वाकून पाण्यात काहीतरी शोधत होते. गवताने शाकारलेल्या, चुन्याने सारवलेल्या झोपड्या दिसल्या. भिवा म्हणाला, “शेट, ह्या तर आपल्याच हायेत.” डासही आपलेच होते.

शेवटी शेटला मिठागराच्या मालकाशी बोलायचं होतं. शेट आत कचेरीत गेला, भिवा बाहेर वाफ्यांपाशी थांबला. बांधावर चढताना त्याने जोडा काढून हातात घेतला, कारण आगराच्या बांधावर पायात घालून जायचं नसतं. भर दुपार. कामकरी सावलीला जेवायला बसले होते. वाफ्यात मीठ धरलेलं होतं, पण पातळ, अजून पुरतं न पिकलेलं. आणि समुद्राच्या अंगाला एक काळा ढग उठला.

आमच्या आगरात वैशाखात असा ढग उठला की कुणी कुणाची वाट बघत नाही. ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन तो मीठ ओढायला धावतो. वाफा कुणाचाही असो. पाऊस आला तर सगळं पाण्यात. भिवाने हाक मारली, पण त्याची भाषा कुणाला कळणार? मग तो स्वतःच उतरला. लांब दांड्याचं लाकडी फावडं पडलं होतं, ते उचललं आणि मीठ बांधाकडे ओढू लागला. जीव तोडून ओढत होता. मीठ कच्चं होतं, त्याच्याखालचा चिखल वर आला. बघता बघता सगळा वाफा राखेच्या रंगाचा झाला.

आणि ढग निघून गेला. तिथे उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. त्याने ढगाला उचलून समुद्रावर ढकललं. ऊन पुन्हा लख्ख.

माणसं धावत आली. मुकादम ओरडत होता. सगळ्यांच्या मागून एक म्हातारी आली, काळा झगा, डोक्याला फडकं. तो वाफा तिच्या घरच्यांच्या वाट्याचा होता, हे तिच्या रडण्यावरून भिवाला कळलं. ती त्याच्यावर तुटून पडली. तो म्हणायचा, “शबुद एक नाय कळला, पन आमची आवडीच बोलते असा वाटला.”

भिवा फावडं टाकून उभा राहिला. त्याने आधी आभाळाकडे बोट केलं, मग हाताने पाऊस पडल्यासारखं दाखवलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला. म्हातारी बोलता बोलता थांबली. तिची नजर खाली गेली होती. कच्च्या मिठाने त्याच्या टाचांच्या चिरा उघडल्या होत्या आणि रक्त येत होतं. तिने आपला झगा जरा वर केला. तिच्या टाचाही तशाच होत्या.

तिने त्याला हाताला धरून आपल्या झोपडीपाशी नेलं, पायांवर गोडं पाणी ओतलं, आणि समोर भाकरीसारखी जाड रोटी, चिमूटभर मीठ आणि वाडग्यात माशाचा रस्सा ठेवला.

इथे माझा आजा अडला. आमच्यात आणखी एक रीत आहे. ज्याचं मीठ आपल्या हातून बिघडलं त्याच्या घरी त्याच दिवशी जेवायचं. तो वाढेल ते खायचं, आणि पुढे त्यालाही आपल्या घरी जेवू घालायचं. त्याने वाढलं आणि आपण उठलो, तर वैर पिढ्यानपिढ्या राहतं. वाडगा समोर होता. एकीकडे गावकीला दिलेला शब्द आणि पोरीचं लग्न, दुसरीकडे ही रीत. दोन्ही माजिवड्याच्याच.

त्याचा हात वाडग्याकडे जाईना. म्हातारी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर पुन्हा राग चढू लागला होता. त्याने रोटी मोडली, मिठाला लावली आणि खाल्ली. मग रस्साही प्यायला.

दिवाळी उलटून गेल्यावर तो घरी आला. आवडाबाईने पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिलंच विचारलं, “काय खाल्ला तर नाय ना?”

त्याने सगळं सांगितलं. तिने ओटीवर कुणी नाही ना ते पाहिलं.

“कुनी बघितला?”

“शेट आत होता. कुनी नाय.”

“मंग एक शबुद बोल. ‘नाय’ म्हन. माझ्या पोरीसाठी एवढा बोल.”

मालन दाराआड उभी होती.

गावदेवीपुढे गावकी जमली. विठ्ठल आंबिवलीहून आला होता, बरोबर दोन माणसं, आणि लग्नाची तिथी भटजीकडून काढून आणली होती. म्हणजे त्याच्या मनात होकारच होता. राघोने परातीतलं मीठ पुढे केलं. भिवाने मूठ भरली.

“बोल भिवा. परक्याच्या हातचा खाल्लास?”

भिवाने मूठ घट्ट केली. त्याने मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

“खाल्ला,” तो म्हणाला.

बायकांत एकच गलका झाला. विठ्ठल उठून उभा राहिला. “ऐकलात? सवताच्या तोंडानं सांगतोय!”

“थांब रं,” राघो म्हणाला. “भिवा, कनाला खाल्लास? भूक लागलेली?”

“भूक नाय. माझ्या हातून तिचा मीठ बिघारला. पुरा वाफा. तिनं वाढला.”

राघोने परात खाली ठेवली. म्हातारा माणूस, दोन्ही रीती त्याच्याच आज्या-पणज्यांनी चालवलेल्या.

“मीठ बिघरवून न जेवता उठला असतास,” तो म्हणाला, “तर ह्या देवळात मी तुना उभा केला नसता. भिवा आपल्यात हाय. माझ्यापुरता तंटा मिटला.”

“तुमचा मिटला, आमचा नाय,” विठ्ठल म्हणाला. “तुमची रीत तुमच्या खाडीवर. आमी शेतकरी मानसं.” तो गुळपाणी न घेता गेला. लग्न मोडलं.

त्या रात्री आई रडली नाही. ती बापाला एवढंच म्हणाली, “बाबा, नाय म्हनल्यानं काय बिघरला असता? एकच शबुद व्हता.”

“मीठ हातात व्हता गो,” भिवा म्हणाला. तो तिला त्या बुरुजाबद्दल सांगू लागला, पण ती उठून गेली.

दोन वर्षं ती त्याच्याशी धड बोलली नाही. मग कोळशेतच्या एका मिठागरवाल्याच्या घरी तिचं लग्न झालं. तो माझा बाप. बाप चांगला होता, पण आंबिवलीचं नाव निघालं की आई हातातलं काम थांबवायची, हे मी पाहिलं आहे. ते लग्न मोडलं नसतं तर हे सांगायला मी नसतो, आणि तरीही मला तिच्या बाजूने वाईट वाटतं.

हंगामाची पहिली रास पडली की भिवा त्यातली मूठभर उचलून ओहोटीच्या, दर्याकडे निघालेल्या पाण्यात सोडायचा. “तकडच्या म्हातारीला आपल्या घरचा जेवन देयाचा ऱ्हायला,” म्हणायचा. लोक हसायचे. राघो हसत नसे.

आजा गेला त्या वर्षी पहिली रास पडली तेव्हा आई सासरहून माजिवड्याला आली. सुतकातलं घर, घरचं कुणी बांधावर गेलं नव्हतं, रास शेजाऱ्यांनी ओढली होती. तिने वहाणा काढून बाजूला ठेवल्या, अनवाणी बांधावर चढली, मूठ भरली, आणि ओहोटी लागेपर्यंत उन्हात उभी राहिली. पाणी वळलं तेव्हा तिने मूठ उघडली.

“घे गो बाय,” ती खाडीला म्हणाली. “भिवाच्या मालननं दिला.”