डावा कोपरा

कबड्डीत मी डाव्या कोपऱ्यावर खेळले आणि खेळणं सुटल्यावर तसल्याच कोपऱ्यावरच्या पोरी हुडकत फिरले. माझं सगळं कर्तृत्व ते एवढंच, पण ते मी कुठंही मान वर करून सांगते.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमची माणसं वाचली, घराचा मात्र ढिगारा झाला. गावाबाहेर पत्र्याची शेडं उभी राहिली आणि शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही पोरींनी राखेनं रेघा मारून कबड्डी मांडली. त्याआधी आमच्यात वयात आलेल्या पोरीनं संध्याकाळी उंबऱ्याबाहेर दिसायचं नाही, अशी रीत होती. चुलत्यानं आईला टोकलं, "पोरगी मांड्या ठोकत फिरायलीय, लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "घरच न्हाई ऱ्हायलं, तर तिला कोंडू कुठं?" मी खेळत राहिले. घर पडलं म्हणून माझं भलं झालं, हे बोलायला जीभ अडखळते, पण खरं ते खरं.

मी बुटकी, अंगानं भक्कम आणि डोक्यानं तापट. कोपऱ्यावर तापटपणा चालत नाही, तो गिळावा लागतो. चढाई करणारीच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड हूल देतं, पाय देत नाहीत. तिला आत येऊ द्यायचं, अजून आत येऊ द्यायचं, आणि पाय टेकला की घोटा धरायचा. मग ती लाथा झाडो की फरफटत नेवो, बाकीच्या पोरी अंगावर येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही. एवढ्या एका कामावर मी जिल्ह्याकडून खेळले, राज्याकडून खेळले, आणि खेळाडूंच्या कोट्यातून लातूरला सरकारी नोकरीला लागले. पुढे गुडघ्यानं दगा दिला. तेव्हा संघटनेतली जुनी माणसं म्हणाली, तुझी नजर चांगली आहे, आता पोरी हुडकून आण.

पण तोवर लातूर पार बदललं होतं. गल्लोगल्ली क्लास, जुन्या घरांवर मजले चढवून केलेली होस्टेलं, खालच्या गाळ्यात खानावळी. अवघ्या मराठवाड्यातली हुशार पोरं इथं डॉक्टर व्हायला उतरलेली. मी ज्या पोरीकडे बोट दाखवावं ती फिजिक्सच्या टेस्टला बसलेली असायची. मला भारी राग यायचा. शेवटी मी रविवारी संध्याकाळी होस्टेलांच्या मागची मोकळी मैदानं धुंडाळायला लागले, आणि तिथंच ती दिसली.

ती निलंग्याची, बारावीला होती. ओढणी कमरेला घट्ट गुंडाळून मैत्रिणींत खेळत होती. बाकीच्या पोरी धावून जात होत्या, ही थांबत होती. आत आलेलीला अजून आत येऊ देत होती. हे हिला कुणी शिकवलं नव्हतं. बघता बघता माझ्या अंगावर काटा आला.

तिचे वडील निलंग्याला गणिताचे शिक्षक होते. मी पोरीला सराव द्यायला लागले हे कळताच एसटी पकडून लातूरला आले आणि पोरीला घेऊन माझ्या घरी धडकले. "मॅडम, आम्ही पोटाला चिमटा काढून पोरीला क्लास लावला, आन् तुम्ही तिला मातीत लोळवून राहिले!" त्यांचं सगळं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "सर, नांदेडला विभागाच्या संघाची निवड चाचणी आहे. एकदा डोळ्यानं बघा, मग ठरवा." ते म्हणाले, "संघात निवडली तर अभ्यास सांभाळून खेळंल. न्हाई निवडली तर कबड्डी बंद. पुन्हा नाव काढायचं न्हाई." मी काही म्हणायच्या आत दारातून पोरगी म्हणाली, "हाव, कबूल."

नांदेडच्या मैदानावर सामन्याआधी थोडा सराव झाला. तिथली एक नावाजलेली उंच पोरगी चढाईला आली, हिच्या कोपऱ्याकडे वळली आणि दुसऱ्या क्षणाला तोंडावर आपटली. हिनं घोटा असा धरला होता की दोघींना बाजूला करायला पंचांना वाकावं लागलं. सरावातली पकड कोणी मोजत नाही. पण समोरच्या पोरींनी ती पाहिली होती.

मग सामना सुरू झाला आणि हिच्या बाजूला कोणी येईचना. जी येईल ती उजवीकडे. उजव्या कोपऱ्यावरची पोरगी धडाधड पकडी करत होती, एखादी तिच्या हातून निसटतही होती, पण टाळ्या मिळवत होती. आमची पोरगी शेजारणीचा हात धरून, चवड्यांवर वाकून नुसती उभी. एक जण दोन पावलं तिच्याकडे आली, हिला बघितलं आणि मागे फिरली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग निवड समितीकडे लक्ष गेलं. खेळात नाव होतं ते चढाई करणाऱ्यांचं, आणि नाव झालेली माणसंच निवडायला बसतात. झालेली चढाई, झालेली पकड मोजायची त्यांना सवय. न झालेली चढाई त्यांना दिसणार कुठून?

झालंही तसंच. समितीचे प्रमुख मला म्हणाले, "ताई, तुमची पोरगी तर उभीच होती की. एक पकड न्हाई!" पोरीनं ते ऐकलं, तोंड फिरवलं आणि ओढणीनं डोळे पुसायला लागली. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचे वडील फक्कीच्या रेघा चपलांनी तुडवत सरळ मैदान ओलांडून आले.

"साहेब, मला यातलं काही कळत न्हाई," ते म्हणाले. "पण दोन्ही बाजूला जागा सारखीच हाय ना? मग सगळ्या पोरी एकाच बाजूला का जाऊन राहिल्या होत्या?"

प्रमुख हसायला गेले आणि थांबले. उंच पोरगी शेजारीच पाणी पीत होती. तिला त्यांनी विचारलं, "काय गं, तू हिच्या डाव्या कोपऱ्याकडं का गेली न्हाईस?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, ती सोडत न्हाई."

यादी वाचली तेव्हा आमच्या पोरीचं नाव त्यात होतं. मला वाटलं, मी राज्याकडून पहिल्यांदा निवडले गेले तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली. लोहा गाव मागे पडल्यावर तिच्या वडिलांनी हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्या कोपऱ्याकडं बी कोणी येत नव्हतं का?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या शेवटच्या काही मोसमांत मी सामनेच्या सामने नुसती वाकून उभी राहिले होते, आणि माझा खेळ संपत आला असं समजून रडत घरी गेले होते.

"सुरुवातीला यायच्या," मी म्हटलं. "नंतर न्हाई."

"मग तुम्ही लई मोठ्या खेळाडू होता की."

मी पदर सावरला, ताठ बसले आणि म्हटलं, "हाव सर. होते."