घोषणेतला झ

लालबागला एक कर्णे दुरुस्त करणारा बसायचा. कर्ण्याला कान लावून डोळे मिटायचा, जणू समाधीच. माझे कर्णे सभांना भाड्याने जायचे. त्यातला एक गुणगुणायला लागला, म्हणून त्याला दिला. त्याने आतली सैल तार मेणाने चिकटवली आणि हळूच 'हॅलो' म्हटलं.

"अरे, जोरात ओरडून बघ!"

"शेठ, कान आहेत मला."

संध्याकाळी सभेत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'ची पहिली आरोळी उठली, तार सुटली आणि कर्ण्यातून नुसतं झझझ. लोक हसले. पुढच्या सभेचं काम दुसऱ्याला गेलं.

भांडायला गेलो, तर म्हणतो, "कर्णा चांगलाय हो, तुमच्या घोषणेतच झ आहे!"

पुढे राज्य झालं. त्यात हाही राहतो, याचा मला अजून राग येतो.