भोंग्यावरचा 'प्रयोग'

"आज संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या पटांगणात, भव्य प्रयोग. सहकुटुंब या."

आमच्या फिरत्या विज्ञान व्हॅनच्या भोंग्यावर हे मीच ओरडत फिरलो. 'विज्ञान' हा शब्द तेवढा राहून गेला. गाव आरमोरीकडचं, दिवस दिवाळीनंतरचे. आमच्या झाडीपट्टीत या दिवसांत गावोगावी नाटकं लागतात आणि प्रयोग म्हणजे नाटकच. चंद्रपुरात जन्मलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

संध्याकाळी पटांगण भरलं. सतरंज्या, चादरी, कडेवर पोरं. एरवी माझ्यापुढे मास्तरांनी हाकलून आणलेली मुलं असतात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात शाळेशेजारच्या घरच्या शेवंताबाई व्हॅनमध्ये डोकावल्या.

"सर, हिरोईन कुठी हाय?"

"बाई, हा विज्ञानाचा प्रयोग आहे. नाटक नाही."

"मंग सकाळपासून काऊन ओरडून राह्यले होते? माह्या वैशालीले पाहाले मूल गावावरून पाहुणे आले. नाटक पाहाले या म्हणून बलावलं, सकाळी बोलणी करू म्हटलं. आता ते म्हणतील, बाई खोटारडी हाय."

नाटकाच्या निमित्तानं पाहुणे बोलवायचे आणि सोयरीक जुळवायची, ही इकडची रीतच. म्हणजे मी एका मुलीचं लग्न मोडायला निघालो होतो.

"पाहुण्यांना पुढं आणा," मी म्हटलं. "आज तेच हिरो."

मुलाचे वडील खुर्चीत बसले. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. मी ग्लास काठोकाठ भरला, वर जाड कागद ठेवला आणि त्यांच्या डोक्यावर ग्लास उलटा करून कागदाखालचा हात काढून घेतला. पाणी पडलं नाही.

"हवा सगळीकडून दाबते, खालूनही," मी सांगितलं. "तिनंच कागद धरून ठेवलाय."

इथं थांबायला हवं होतं. पण एवढी माणसं मला पुन्हा कधी मिळणार? मी वातावरणाचे थर सांगायला घेतले. दुसऱ्या थरावर असताना ग्लास रिकामा झाला.

पाहुण्यांनी टोपी पिळली. "आता काऊन पडलं जी?"

मी तोंड उघडलं, पण बायकांच्या घोळक्यातून वैशालीच बोलली.

"कागद भिजून लेचापेचा झाला, बाजूनं हवा घुसली. सर लय वेळ बोलून राह्यले ना."

शेवंताबाईंनी कपाळावर हात मारला. पाहुणे मात्र खुर्ची हलेपर्यंत हसले.

"ये बेटा, तूच करून दाखव," म्हणाले, आणि ओल्या डोक्यानं पुन्हा बसले.

तिनं ग्लास धरला, एक वाक्य बोलली आणि ग्लास बाजूला घेतला. थेंब सांडला नाही.

सकाळी बोलणी झाली. मुलगा-मुलगी दोघंही हो म्हणाले. मला नाश्त्याला बसवून घेतलं, बोलू मात्र दिलं नाही.

तेव्हापासून मी कागद भिजायच्या आत भाषण संपवतो.

घरी येऊन हे सगळं बायकोला सविस्तर सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या पोरीले एका ग्लासात समजलं," ती म्हणाली. "मले समजेपर्यंत लग्न होऊन गेलं होतं."