तुटायला हवी होती ती पिन

मोटार किंचाळत होती आणि नाव जागची हलत नव्हती.

तलावाच्या मधोमध आम्ही तिघं. वारा सुटला होता आणि नाव पलीकडच्या जंगलाच्या काठाकडे सरकत चालली होती. मागे मोटारीच्या हँडलवर सुखदेव. त्याचं मूल गावात पंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि तोच या बिननावाच्या, स्वस्त बोटमोटारी मागवून विकतो. पुढे यमुनाबाई, गावच्या मासेमारी सोसायटीच्या अध्यक्ष. मधल्या फळीवर मी, कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला फोरमन.

"गेली!" यमुनाबाई ओरडल्या. "सांगतलं होतं ना तुले, सुखदेव? पयलीवानी हे बी गेली!"

सुखदेवने मोटार बंद केली. त्याचा चेहरा उतरला होता. काठावर सोसायटीची सगळी माणसं उभी राहून बघत होती. ट्रायल फसली तर ही सोसायटी मोटार घेणार नव्हती, आणि हिने नाही म्हटलं की आसपासच्या तलावांवरची कोणतीच सोसायटी घेणार नव्हती. मग दुकानात पडून असलेल्या सगळ्या मोटारी भंगारात द्यायच्या, हे सुखदेवने ठरवून टाकलं होतं.

आणि मी हसत होतो.

"काऊन हो भाटवे, हासून काऊन राह्यले?" यमुनाबाई भडकल्या. माझी बायको त्यांच्या गावची, म्हणून मी अख्ख्या गावाचा भाटवा, बहिणीचा नवरा. "नाव वाघाच्या दारात चालली अन् तुमाले हासू येते?"

"बाई, मोटार गेली नाही. पिन तुटली. काय मस्त तुटली!"

आता पिन म्हणजे काय ते सांगतो. बोटीच्या मोटारीला पाण्याखाली पंखा असतो. लहान मोटारींत हा पंखा दांड्यावर पक्का जोडलेला नसतो. दांड्याला आरपार भोक असतं, त्यातून एक छोटी पिन जाते आणि ती पंख्याला फिरवते. ही पिन मुद्दाम मऊ धातूची करतात. आमच्या मोटारीत पितळेची होती. पंखा पाण्यात कशावर आदळला की पिन तुटते, पंखा सुटा होतो आणि आतले महागडे गिअर वाचतात. घरातल्या फ्यूजचंच काम. इंजिनवर ओझं राहत नाही म्हणून ते किंचाळतं, पण पंखा फिरत नाही म्हणून नाव थांबते. याला शिअर पिन म्हणतात. या तलावात आदळायला तर भरपूर आहे. तलावाची पाळ, म्हणजे बांध, उंच केली तेव्हा काठचं जंगल पाण्यात गेलं. सागाचे खुंट अजून उभे आहेत, वरून दिसत नाहीत.

"तुटली ते तुटली," यमुनाबाई म्हणाल्या. "मंग चांगली काऊन म्हनता?"

"मोटार वर उचल सुखदेव. पाना काढ. हात चालवता चालवता सांगतो."

सुखदेवने मोटार तिरकी करून पंखा पाण्याबाहेर आणला. मी नावेच्या मागच्या फळीवर पालथा पडलो. माझं वय आता असं पालथं पडण्याचं नाही, पण त्या वेळी अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. नट काढला, पंखा ओढला. आत पिनचे तुकडे स्वच्छ कापल्यासारखे. जिथे तुटायला हवी बरोबर तिथेच तुटली होती. मी ते तुकडे दोघांना दाखवले, एखाद्याने नातवाचे पहिले दात दाखवावेत तसे.

"दुसरी पिन दे."

सुखदेवने शर्टाच्या खिशातून काढून दिली. माझे हात ओले. पिन बोटांतून निसटली आणि डुबुक झाली.

"आता?" मी विचारलं.

"अजून एक हाय, साहेब."

"एकच?"

"एकच. इतक्या लागतीन असं कोनाले वाटलं होतं?"

नाव तोवर लव्हाळ्यांच्या जवळ आली होती. त्या काठावर वाघीण पाण्यावर येते. दोनच दिवसांपूर्वी तिचे पंजे चिखलात उठले होते. यमुनाबाईंनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं. मग माशांची बांबूची टोपली उचलली, मागे आल्या, वाकल्या आणि पंख्याखाली धरली.

"लावा आता. पडलं तं टोपलीत पडंन."

तशा अवस्थेत, एका हातात पिन आणि दुसऱ्यात पक्कड असताना, मी बोललो.

"सुखदेव, तुझी पहिली मोटार मी मोडली."

टोपली हलली.

ती मोटार याच सोसायटीने घेतली होती. काही आठवड्यांतच तिची पिन तुटली. मी तेव्हा नोकरीत होतो आणि सासरवाडीला आलो होतो. सगळे म्हणाले, भाटवे फोरमन आहेत, बघतील. मी ती मऊ पिन पाहिली आणि हसलो. स्वस्तातला माल, पिनसुद्धा कच्ची! खाणीत आमचं एकच तत्त्व होतं, तुटलं की आधीपेक्षा कडक बसवा. मोडलेल्या ड्रिल बिटचा कडक पोलादी तुकडा मापाने कापून आणला आणि ठोकला. "आता बापजन्मात तुटणार नाही," असं सांगून गेलो.

खरोखरच तुटली नाही. पंखा पुन्हा खुंटावर आदळला, पिन जागच्या जागी राहिली आणि गिअरचे दात गेले. मोटार माझ्याकडेच उघडायला आली. उघडताक्षणी मला कळलं. दात सगळे तुटलेले आणि माझी पिन अखंड. मी ती पिन काढून टाकली आणि सोसायटीला सांगितलं, "गिअरचं लोखंड कच्चं. या मोटारी घेऊ नका." फोरमनचा शब्द. तो आजूबाजूच्या सगळ्या तलावांवर गेला. माणसं पुन्हा वल्ही मारू लागली, वाऱ्याविरुद्ध, खांदे भरून येईपर्यंत. सुखदेवला लोक भंगारवाला म्हणू लागले. आज ट्रायलला सुखदेवने मला बोलावलं तेही म्हणूनच, की ज्याने नापास केली त्याच्याच नजरेखाली पास होऊ दे.

हे सगळं मी पंखा बसवता बसवता सांगितलं. नट हातातून सुटला तो टोपलीत पडला. यमुनाबाईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

सुखदेवने एवढंच विचारलं, "पिन बसली?"

"बसली."

"मंग सरका."

त्याने मोटार पाण्यात सोडली आणि दोरी ओढली. नाही लागली. पुन्हा ओढली. फुर्रर्र! नावेचं नाक वर आलं. लव्हाळी मागे पडली. वारा तोंडावर, पाणी तोंडावर, आणि ती बिननावाची मोटार वाऱ्याला चिरत काठाकडे निघाली. काठावरची माणसं टॉवेल फिरवत होती. मी म्हातारा फळीला धरून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. यमुनाबाई टोपली डोक्यावर धरून पाणी चुकवत हसत होत्या.

उतरल्यावर हसू संपलं. त्यांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "सांगा आता सगळ्याईले. मले सांगतलं तसंच." मी सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "आमचे खांदे गेले ना जवाई."

मग यमुनाबाईंनी निकाल दिला. "मोटार घेतो. दोन घेतो. पन एक अट. या भाटव्याईले मोटारीले पाना-पक्कड लावू देयाची नाई."

लोक मला विचारतात, स्वस्त मोटार घ्यावी का? माझं म्हणणं असं. ब्रँडेड मोटारीच्या किमतीत अशा तीन येतात. दोरी लवकर झिजते, नटबोल्ट सैल होतात ते रोज आवळावे लागतात, आवाज कान किटवणारा. पुराच्या पाण्यात माणसं न्यायला मी ती घेणार नाही. तलावावर जाळी ओढायला जरूर घ्यावी, पण विकणाऱ्याचं दुकान जवळ असेल तरच. आणि पिना मूठभर घ्याव्या, तशाच मऊ.

सुखदेवने मला माफ केलं की नाही, हे त्याने सांगितलेलं नाही. दुकानात मोटारीचं गिऱ्हाईक आलं आणि कां-कूं करू लागलं की तो मला फोन लावतो, स्पीकर चालू करतो आणि म्हणतो, "साहेब, हे भाऊ इचारून राह्यले, ते पयली मोटार कोनं मोडली?"

"मी मोडली," मी सांगतो.

"कशी मोडली, तेबी सांगा."

मी पहिल्यापासून सांगतो. कधी जेवताना फोन येतो, कधी दवाखान्याच्या रांगेत. आता हे लिहून काढलं आहे. एक प्रत त्याच्या काउंटरवर चिकटवायला देणार आहे. तो चिकटवेल. फोन मात्र बंद करणार नाही, एवढं मी त्याला ओळखतो.