प्रतिक्षाला वेडी ठरवणारे

१८ एप्रिल २०२४, गुरुवार. आज दुपारी दोनला प्रतिक्षाचा इंग्रजीचा पेपर. सकाळी सातलाच तिचे काका सोमेश्वर गावाहून, कुरुंद्याहून, जीप घेऊन आले. पोरीला भगताकडे न्यायचं म्हणाले. मी चहासुद्धा विचारला नाही.

प्रतिक्षा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं दर रविवारी एसटीने हिंगोलीला येऊन ती माझ्याकडे इंग्रजी शिकते. परीक्षेसाठी कालपासून इथेच राहते आहे. यंदा त्यांना चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी शोकनाटक नेमलं आहे. त्यातल्या मुलीचा बाप मारला जातो, राजवाडा त्याला घाईघाईने पुरून टाकतो, आणि ती गाणी म्हणत, फुलं वाटत फिरते. तो प्रवेश मोठ्याने म्हणून पाठ कर, असं मीच सांगितलं होतं. ती तो रानात म्हणायची.

मार्चमध्ये तिचे वडील संतराम गेले. हळद शिजवायचा बॉयलर सोमेश्वरांचा. जादा वाफ सुटायला त्याला व्हॉल्व्ह असतो. वाफ सुटत राहिली की हळद शिजायला वेळ लागतो, म्हणून हंगामात लोक तो तारेने आवळून टाकतात. बॉयलर फुटला. नशीब, म्हणाले सगळे.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सोमेश्वरांनी हात जोडले, "दादा, पोरीचं लगीन मी लावून देतो." कावळा हलेना. तेव्हा प्रतिक्षा सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "काका, व्हॉल्व्हला तार कुणी बांधली, तेवढं सांगा माझ्या बापाला."

त्या दिवसापासून ती वेडी.

"एकटीच रानात इंग्रजीत बडबडून राहिली, बाई. तुमच्या नाटकानंच येडं केलं लेकरू," सोमेश्वर आज म्हणाले.

"मग तिचा सगळा वर्गच न्या भगताकडे. जीप पुरायची नाही तुमची."

ते आत येऊ लागले. मी दारातच उभी राहिले. वय बहात्तर, तरी दोन्ही हात चौकटीला लावून.

मागून प्रतिक्षा आली. "रडले न्हाई तवा दगड म्हणले. बोलले तर येडी म्हणून राहिले. चला काका, येते भगताकडं. तिथं बी चार गावची लोकं असतीन. त्यांच्यासमोर इचारते, तार कुणी बांधली."

"पुन्हा तेच!"

"व्हय. तेच."

सोमेश्वर माझ्याकडे न बघताच जीपमध्ये बसले. एकटेच गेले.

साडेपाचला ती पेपर देऊन आली. नाटकातली ती मुलगी वेडी का होते, हाच प्रश्न आला होता. बाजारातल्या गाइडमध्ये उत्तर छापलंय: कोमल मन आणि प्रेमभंग. वाचूनच माझं डोकं फिरतं.

"तेच लिहिलंस?"

"न्हाई, बाई. बाप कसा मेला ते तिला कुणी सांगत न्हाई, आन् ती बोलाया लागली की तिला येडी म्हणतेत, असं लिहिलं."

"मार्क कापतील."

"कापू द्या."

तार कुणी बांधली हे कुरुंद्यात लहान पोरालाही माहीत आहे. दहाव्याला जेवून उठलेल्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांना वेडं कुणी म्हणत नाही.

उरलेले पेपर संपेपर्यंत प्रतिक्षा इथेच राहील. उद्यापासून अर्धा लिटर दूध जास्त सांगितलं.