वादळ वळलं त्या सकाळी

समुद्रात वादळ तयार झालं की आमच्या शाळेत आधी बाकं हलतात. मी सुरतच्या लिंबायत भागातल्या एका मराठी शाळेत शिकवते. आमची दुमजली इमारत आजूबाजूच्या वस्त्यांसाठी आश्रयस्थान म्हणून ठरलेली आहे. वर्ग रिकामे करायचे, सतरंज्या अंथरायच्या, टाक्या भरून घ्यायच्या, खाडीकाठच्या पत्र्याच्या घरांतल्या माणसांना इथे आणून त्यांची नोंद करायची, हे काम आम्हा शिक्षकांकडे येतं. समुद्र तसा आमच्यापासून लांब. पण भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर खाडीचं पाणी पुढे जात नाही, उलटं गल्ल्यांत शिरतं.

त्या गल्ल्यांतलं एक घर माझ्या वडिलांचं होतं.

आबा धुळ्याकडच्या खेड्यातून तरुणपणीच सुरतला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, लागले. एका माणसाने चार-चार लूम सांभाळायचे, तेही त्या आवाजात. साठीला पोचेपर्यंत त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. आई गेल्यावर मी त्यांना जवळच उधन्याला माझ्या घरी चला म्हणून खूप सांगितलं. ते आले नाहीत. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे, दुपारी ओट्यावर बसून जुन्या सोबत्यांशी गप्पा मारायचे. म्हणजे सोबती बोलायचे आणि आबा त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस वादळाचा इशारा आला. टीव्हीवर नकाशा दाखवत होते. समुद्रातून निघालेला एक पट्टा पुढे पुढे रुंद होत किनाऱ्याला भिडत होता आणि त्या पट्ट्यात सुरत होतं. वादळ धडकणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून भोंगा लावलेली रिक्षा वस्तीत फिरायला लागली. 'वावाझोडुं आवे छे,' वादळ येतंय, असं आधी गुजरातीत, मग हिंदीत. आबांना त्यातलं काहीच ऐकू गेलं नसणार, पण गल्लीची धावपळ त्यांना दिसत होती. मी पोचले तेव्हा ते स्टुलावर चढून छपराचे पत्रे तारेने बांधत होते.

"आबा, खाली उतरा. शाळेत चला," मी कानाशी जाऊन ओरडले.

"मी कोठेच येवाव नही," ते म्हणाले. घरी ते अहिराणीच बोलत. "मनं घर शे ना आठे."

मी नकाशा समजावला. वाऱ्याचा वेग सांगितला. खाडी भरली तर काय होईल ते सांगितलं. ते तार पिळत राहिले. शेवटी मी नको ते बोलले. मी म्हणाले, "आबा, मी घरोघरी जाऊन लोकांना चला म्हणतेय. उद्या लोक म्हणतील, बाईंचा बापच घरात बसलाय, मग आम्ही कशाला येऊ? माझा काय मान राहील?"

ते स्टुलावरून उतरले. पिशवीत एक पायजमा, एक सदरा आणि चष्मा घातला. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्या मागे निघाले. माझा मान राहावा म्हणून ते आले. वादळाला ते घाबरलेच नव्हते.

शाळेच्या दारात टेबल टाकून मी नोंदी करत होते. नाव, वय, घरात किती माणसं, आजार. आबांची पाळी आली तेव्हा मागे पन्नासेक माणसांची रांग होती, अर्ध्याहून जास्त ओळखीची. मला ओरडूनच विचारावं लागलं, "आबा, काही आजार आहे का? आजार?" रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. आबांनी मान खाली घातली आणि हात हलवला. "काही नही."

मी लिहिलं, काही नाही.

म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर ठेवायचं ठरलं होतं, कारण तळमजल्यात पाणी शिरलं असतं. नियम बरोबरच होता. संडास-मुतारी मात्र खाली, पटांगणाच्या पलीकडे. संध्याकाळी खिचडी वाटली. आबांनी चार घास खाल्ले आणि पाण्याचा पेला तसाच परत केला. मी दोनदा पाणी दिलं, दोन्ही वेळा त्यांनी हाताने दूर सारलं. मला वाटलं, रागावलेत माझ्यावर. रागावू देत, जिवंत तर राहतील, असा विचार करून मी पुढच्या वर्गात गेले. दीडशे माणसं होती, लहान मुलं होती, एक बाई नवव्या महिन्यातली होती.

सकाळी आठच्या सुमाराला मोबाइलवर निरोप आला. वादळ वळलं होतं. समुद्रातच पश्चिमेकडे सरकलं होतं, त्याचा जोरही कमी झाला होता. वर्गावर्गातून आनंदाचा कल्लोळ उठला. बायका पिशव्या भरायला लागल्या. पण लोकांना घरी सोडायचा आदेश अजून आला नव्हता. दुपारपर्यंत जोराचे झोत येऊ शकतात, तोवर कुणालाही जाऊ देऊ नका, असंच निरोपात लिहिलं होतं. मी फाटकाला कडी घातली आणि तिथेच खुर्ची टाकून बसले.

पहिले आले ते आबाच. हातात पिशवी.

"वादय फिरी गयं ना? मंग मी घर जास."

"दुपारी जा, आबा. आदेश आल्यावर," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

"मी एकलाच जास. कोनले समजाव नही."

त्यांच्या मागे आणखी आठ-दहा जण येऊन उभे राहिले होते. बाईंनी बापाला सोडलं की आपणही निघायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मोठ्याने म्हणाले, "नाही. कुणालाच नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "तू मास्तरीण शेस का मनी पोर?"

"आत्ता मास्तरीण आहे, आबा."

मुतारीपुढच्या लांब रांगेकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग वळले आणि जिना चढून वर गेले. मी त्यांची पाठ बघितली. एका हाताने ते कठडा धरत होते आणि दुसऱ्या हाताने पोट दाबून चालले होते. हे मी बघितलं होतं. बघूनही मला काही कळलं नाही, एवढंच मी सांगू शकते.

अर्ध्या तासाने पटांगणातून एक बाई ओरडत आली. बारीक पाऊस सुरू होता आणि मुतारीसमोरच्या फरशीवर चिखलाच्या पायांनी बुळबुळीत झालं होतं. आबा तिथे कुशीवर पडले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. दारापर्यंत पोचायच्या आधीच पायजमा ओला झाला होता, आणि एवढ्या वेदनेतही ते दोन्ही हातांनी पुढचा भाग झाकत होते. भोवती माणसं जमली होती. आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी माझी ओढणी काढून त्यांच्यावर टाकली.

रुग्णवाहिका वादळासाठी म्हणून कोपऱ्यावर उभीच होती, दोन मिनिटांत आली. तयारी चोख होती, कुणालाही बोल लावायला जागा नाही. मला शाळा सोडता येईना, म्हणून माझे यजमान त्यांच्याबरोबर गेले. बारा वाजता आदेश आला. माणसं हसत, एकमेकांना हाका मारत घरी गेली. वर्ग रिकामे झाल्यावर मी अहवाल लिहायला बसले. त्यात एक रकाना होता, 'वादळामुळे जखमी'. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वादळ आलंच नाही ना. निरंक लिहा." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी निरंक लिहिलं, खाली सही केली आणि हॉस्पिटलला गेले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना लघवीचा त्रास कधीपासून आहे?"

"असा काही त्रास नाही त्यांना," मी म्हणाले.

डॉक्टर आबांकडे वळले. कागदावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून त्यांच्या समोर धरला. आबांनी माझ्याकडे न बघता दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. तासातासाला जावं लागायचं आणि अनेकदा थांबताच यायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे आणायला मी घरी गेले, तेव्हा खाटेखाली झाकणाचा एक डबा दिसला. शेजारी धुऊन घडी घातलेली जुनी फडकी. घर सोडायचं नाही म्हणत होते ते एवढ्यासाठी. मी त्यांच्या खाटेवर बसून राहिले. पत्रे त्यांनी इतके पक्के बांधले होते की एकही हलत नव्हता.

ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. मी त्यांना उधन्याला आणलं. आता त्यांचं सगळं मीच करत होते, आणि प्रत्येक वेळी ते भिंतीकडे तोंड फिरवत. एकदा अंग पुसताना मला राहवलं नाही. कानाशी तोंड नेऊन मी विचारलं, "आबा, मला का नाही सांगितलं? खालच्या खोलीत ठेवलं असतं मी तुम्हाला."

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "तुले कसं सांगू माय? तू पोर शेस." आणि थोड्या वेळाने, "रांगमा सगया लोके उभा होतात."

ते रागावले नव्हते, हेच मला सहन होत नाही. रागावले असते तर माझ्याकडे काहीतरी उत्तर राहिलं असतं. पाठीला जखमा झाल्या, ताप यायला लागला, आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी चहाचा घोट तोंडात तसाच राहिला. मी बशी धरून बसले होते.

पुढच्या वर्षी पुन्हा इशारा आला आणि पुन्हा माझंच नाव लागलं. मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही. त्याच गल्लीत एक आजोबा दार अडवून बसले होते. त्यांची सून समजावून थकली होती. मी तिला बाहेर जायला सांगितलं, आजोबांच्या शेजारी खाली बसले आणि हळू आवाजात विचारलं, "काका, लघवीची अडचण आहे का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मी तळमजल्यावर मुतारीजवळच्या खोलीत ठेवलं. पाणी चढायला लागलं असतं तर आम्ही दोन शिक्षक त्यांना उचलून वर नेणार होतो. वाटेवर गोणपाट अंथरलं आणि दर वेळी हात धरून स्वतः घेऊन गेले. एवढंच करायचं होतं. एक प्रश्न, तोही आजूबाजूला कुणी नसताना.

तेही वादळ वळलं. दुपारी आजोबा सुनेबरोबर चालत घरी गेले. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी फाटकात उभी होते. मग मागच्या रिकाम्या वर्गात जाऊन दार लावून घेतलं आणि सतरंज्यांच्या ढिगावर तोंड दाबून रडले. बऱ्याच वेळाने सोबतच्या बाई शोधत आल्या आणि घाबरून विचारायला लागल्या, काय झालं, कुणाला काही झालं का?

"नाही," मी म्हणाले. "सगळे नीट घरी गेले."