अळणी नवस

देवावर विश्वास होता म्हणून मी नवस केला, असं इतकी वर्षं सांगत आले. आता या वयाला शोभेल असं खरं बोलते. विश्वास नव्हता म्हणूनच केला. विश्वास असणारं माणूस देवाला अटी घालत नाही. मी घातल्या, त्याही दुसऱ्याच्या जिवावर.

बहात्तरचा दुष्काळ पुढच्या उन्हाळ्यात अगदी टोकाला गेला होता. आम्ही भिंगारला एका खोलीत राहत होतो. माझे यजमान लष्करात नाईक होते आणि पळणं हीच त्यांची नोकरी होती. दहा हजार मीटर, म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "पळायचा पगार देतंय व्हय सरकार? मग आमची म्हस काय वाईट हाय?" असं त्या चारचौघांत विचारायच्या. यजमान हसायचे. ते सगळ्यालाच हसायचे. त्या वर्षी मात्र हसेनासे झाले होते, कारण पाय मागं पडायला लागले होते. त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पावसाळ्याआधी निवड होईल, पहिल्या चारांत आलास तर चमूत राहशील, नाहीतर परत पलटणीत. पलटण होती दूर सरहद्दीवर, आणि तिथं बायकोला नेता येत नव्हतं. म्हणजे मी परत सासरी, म्हशीच्या शेजारी.

मी नेवाशाला गेले, माउलींच्या खांबापुढं डोकं टेकलं आणि सांगून टाकलं, "यांची निवड होईपर्यंत आम्ही दोघं अळणी जेवू. मिठाचा कण तोंडात घालणार नाही." मागितली यांची धाव, पण हवी होती मला माझी भिंगारची खोली. माउलींना ते कळलं नसेल असं मला तेव्हा वाटलं, यावरून माझी अक्कल समजावी.

घरी येऊन यांना सांगितलं. भाकरी मोडता मोडता ते थांबले. "अगं, माज्या नावानं शब्द दिलास आन् मलाच इचारलं न्हाईस?"

"आता दिलाय," मी म्हटलं.

"दिलाय तर पाळू," ते म्हणाले आणि अळणी आमटीत भाकरी बुडवली. उस्तादांना मात्र काही बोलले नाहीत. हसं झालं असतं.

पुढचे पाच आठवडे आठवले की मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. हा माणूस त्या रणरणत्या उन्हात रोज दोन वेळा पळून येई, बनियन पिळला तर तांब्याभर घाम निघावा, आणि मी त्याच्यापुढं अळणी पिठलं ठेवी. त्यांचं अंग गळायला लागलं. पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. मला वाटलं, नवस कमी पडतोय. मग मी पापड बंद केले, लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली आणि पिंढऱ्यांना अंगारा लावला. ते जितके खचत गेले तितकी मी कडक होत गेले. दर वेळी मनात म्हणे, देव परीक्षा बघतोय. देव कसली बघतोय? परीक्षा मीच घेत होते, देवाची.

माझं माहेर पाथर्डी रस्त्यावर, भिंगारपासून सोळा-सतरा मैलांवर. रविवारी ते माहेरापर्यंत पळत यायचे. लांब पल्ल्याचा सराव व्हायचा आणि सासुरवाडीचं जेवणही. मी पहाटेच्या एसटीनं पुढं जायची. वाटेत गाडी त्यांना मागं टाकायची तेव्हा कुणीतरी म्हणायचं, "ह्याच्यामागं पोलीस लागल्यात का काय?" मीही त्या लोकांबरोबर हसायची. हा माझा नवरा आहे, असं एकदाही सांगितलं नाही. अशी मी पतिव्रता!

निवडीला दहा-बारा दिवस राहिले असतानाच्या रविवारी मी थांब्यावर उभी होते. आठ वाजले, साडेआठ झाले, नऊ वाजून गेले, तरी रस्ता रिकामाच. वडील म्हणाले, येतील, जावईबापू काय लहान आहेत? मी चपला घातल्या आणि उलट्या दिशेनं चालायला लागले. दीड-दोन मैलांवर दुष्काळी काम चालू होतं. रस्त्यासाठी खडी फोडत बायका ओळीनं बसल्या होत्या. तिथंच एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत हे आडवे पडलेले दिसले. दोन्ही पाय वळले होते. ओठ पांढरे. एक म्हातारी त्यांची पिंढरी गुडघ्यांत धरून रगडत होती. शेजारी जर्मनचा तांब्या आणि एका फडक्याची सुटलेली गाठ, त्यात खडेमीठ.

माझ्याकडं बघून म्हातारी म्हणाली, "तुजा मालक व्हय? मग समजाव ह्याला. कवापास्नं मिठाचं पानी दितीया, तोंडच उघडत न्हाई. कुनाला शबूद दिलाय म्हनं."

"कुणाला?" मी उगाचच विचारलं.

"त्ये बी सांगत न्हाई."

मी यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान वळवली. पाय तुटून पडताहेत, समोर परकं माणूस विचारतंय, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. ते दोन शब्द बोलले असते तर सगळ्या बायका माझ्यावर हसल्या असत्या, आणि बरोबरच हसल्या असत्या.

"मावशी, मीठ मीच सोडायला लावलंय," मी म्हटलं. "नवस आहे."

म्हातारीचा हात थांबला. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. "अगं बये, आमी दगूड फोडनारी मानसं. मीठ न्हाई मिळालं तर सांजच्याला हात वळत्यात आमचं. तुजाच घाम चाटून बघ. खारट लागतुया ना? देवानंच घातलंय ना मीठ त्यात? मग त्यो कशाला म्हनंल, सोड म्हनून?"

तिचं पटत होतं, तरी हात पुढं होईना. नवस मोडला आणि देव कोपला तर? यांची धाव गेली तर? म्हातारीला ते दिसलं असावं. ती तंबाखूची पिंक टाकून म्हणाली, "रागावला तर माजं नाव सांग त्येला. माजं आनखी काय वाकडं करनार हाय? दुस्काळ तर पाडूनच बसलाय."

मी तांब्या उचलला आणि यांच्या तोंडाला लावला. ते म्हणाले, "तू म्हणतीस?"

"मीच म्हणते. प्या आता."

ते प्यायले. थोड्या वेळानं पुन्हा प्यायले. म्हातारीनं रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि मीठ-मिरची पुढं केली, तीही खाल्ली. अर्ध्या-पाऊण तासात पाय सैल झाले. निघताना मी म्हटलं, मावशी, तुम्ही इथं होतात म्हणून. ती म्हणाली, "काल न्हवतो की. काल पार तिकडं वड्याजवळ हुतो. आज सकाळीच मुकादमानं हितं आनून बसवलं." मी ऐकलं तसं लिहिते. त्याचा अर्थ मी लावत नाही.

अशा गोष्टींत मदत करणारं माणूस पुढं कधी सापडत नाही, असं म्हणतात. मीही मनात तशीच गोष्ट रचून ठेवली होती. पण पुढच्या रविवारी खण आणि गूळ घेऊन गेले, तर म्हातारी ओढ्याच्या पलीकडं खडी फोडत बसली होती आणि मुकादमाशी भांडत होती. गूळ लगेच तोंडात टाकून म्हणाली, "उठला का तुजा घोडा?" तेव्हा मी जरा खट्टूच झाले. आज वाटतं, ती अदृश्य झाली नाही हेच बरं. झाली असती, तर कृपा नेहमी आकाशातूनच उतरते असं मी समजून बसले असते.

निवडीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला जाऊन बसले. हातात नवस नाही, व्रत नाही, काही देऊन काही मागावं असं उरलंच नव्हतं. इतकं भय मला आयुष्यात वाटलं नव्हतं. एवढंच म्हटलं, "माउली, हा माणूस तुझा आहे. पळव, नाहीतर थांबव." त्याआधीच्या प्रत्येक शर्यतीत मी पहिल्या फेरीला डोळे मिटून जप सुरू करी आणि शेवटची शिट्टी वाजली की उघडी. त्या दिवशी जप करायचं सुचलंच नाही. डोळे उघडेच राहिले. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि नवऱ्याला शर्यतीत पळताना मी पहिल्यांदा पाहत होते. खांदे सैल, मान किंचित डावीकडं कललेली, पायांचा आवाजसुद्धा नाही. सोळाव्या फेरीला ते सहावे होते. विसाव्याला पाचवे. मला मागायचं होतं ते सगळं माझ्यासमोर पळत होतं आणि मी ते मिटल्या डोळ्यांनी मागत आले होते.

ते चौथे आले. पुढं पाच वर्षं पळाले. मोठं पदक कधी मिळालं नाही, मग उस्ताद होऊन इतरांना पळवलं. अळणीचं प्रकरण त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे. त्या म्हातारीचे, माउलींचे आणि त्या गप्प राहणाऱ्या माणसाचे उपकार माझ्यानं फिटणारे नाहीत.

देवाकडं मी आजही मागते, खोटं कशाला बोलू? खोड जात नाही. पण मागून झालं की डोळे उघडते आणि समोर काय आहे ते बघते.